फिल्टरच्या अलीकडे राहिलेले

१९९२ साली इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहरात न्यूमोनियाची साथ आली. अशी साथ आली की पहिला संशय लिजिओनेला नावाच्या बॅक्टेरियावर जातो, कारण तो मोठ्या बिल्डिंगांच्या एसीचे जे कूलिंग टॉवर असतात त्यातल्या कोमट पाण्यात वाढतो आणि तिथून उडणाऱ्या बारीक तुषारांतून थेट माणसाच्या फुप्फुसात पोचतो. लीड्सच्या सरकारी लॅबमध्ये टिमथी रोबॉथम म्हणून एक मायक्रोबायोलॉजिस्ट होते, त्यांनी टॉवरचं पाणी तपासायला घेतलं. त्यांची पद्धत जरा वेगळी होती. लिजिओनेला अमिबाच्या पोटात शिरून तिथेच वाढतो हे त्यांनीच १९८० मध्ये दाखवलेलं, त्यामुळे ते सॅम्पलमध्ये अमिबा सोडायचे आणि अमिबाच्या आत काय वाढतंय ते बघायचे.

यावेळी लिजिओनेला सोडून दुसरंच काहीतरी दिसलं. गोल गोल, साध्या मायक्रोस्कोपखाली दिसेल इतकं मोठं, आणि बॅक्टेरिया ओळखायला वापरतात तो ग्रॅम स्टेन केला तर जांभळं होणारं. मायक्रोबायोलॉजीचं पहिल्या वर्षाचं प्रॅक्टिकल केलेलं कुणीही सांगेल, गोल आणि ग्रॅम पॉझिटिव्ह, म्हणजे जांभळं होणारं, हा कॉकस, गोल बॅक्टेरिया. नाव पडलं ब्रॅडफर्ड कॉकस. मग ओळख पटवायला जे काय करतात ते करून झालं, बॅक्टेरियाच्या रायबोझोमचा, म्हणजे पेशीतल्या प्रोटीन बनवणाऱ्या यंत्राचा, जो १६एस जीन सगळ्या बॅक्टेरियात सापडतोच तो शोधून झाला, पण तो काही केल्या मिळेना. शेवटी सॅम्पल फ्रीझरमध्ये गेलं आणि कित्येक वर्षं तिथेच पडून राहिलं.

मला या सगळ्या कहाणीत रोबॉथम फार आवडतात. आपल्याला ओळखता आलं नाही म्हणून त्यांनी ते टाकून दिलं नाही. लॅबमध्ये काम करणाऱ्यांना माहितीय फ्रीझरमधली जागा म्हणजे काय चीज असते, दर वर्षी साफसफाई निघते आणि लेबल नीट वाचता न येणाऱ्या ट्यूब पहिल्या जातात. ही ट्यूब राहिली. रिचर्ड बर्टल्स यांच्यामार्फत ती फ्रान्सला, मार्सेलमध्ये दिदिए राऊ यांच्या लॅबमध्ये पोचली, तिथे बर्नार ला स्कोला आणि बाकीच्यांनी ती इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली धरली, आणि दिसलं की हा गोल कॉकस गोल नाहीच. वीस त्रिकोणी बाजू असलेला, अगदी मापात कापल्यासारखा आकार. असं कवच बॅक्टेरियाला नसतं. असं कवच व्हायरसला असतं.

२००३ मध्ये सायन्स मासिकात हे छापून आलं. नाव मिमिव्हायरस.

आता यात एवढं काय, असं वाटू शकतं, म्हणून थोडं मागे जाते. १८९२ मध्ये, म्हणजे ब्रॅडफर्डच्या बरोब्बर शंभर वर्षं आधी, रशियात दिमित्री इव्हानोव्स्की तंबाखूच्या पानांवर पडणाऱ्या एका रोगावर काम करत होते. पाश्चरच्या लॅबमधल्या शाम्बरलाँनी चिनीमातीचा एक फिल्टर बनवला होता, ज्याच्या छिद्रांतून बॅक्टेरिया जात नाहीत. इव्हानोव्स्कींनी रोगट पानांचा रस त्यातून गाळला, आणि गाळलेला रस निरोगी झाडाला लावला तरी रोग होतच राहिला. सहा वर्षांनी हॉलंडमध्ये बायरिंक यांनी तेच पुन्हा करून ठामपणे सांगितलं की हे बॅक्टेरियापेक्षा वेगळंच काहीतरी आहे. व्हायरसची ओळख सुरू झाली ती इथून. फिल्टरमधून जे पलीकडे जातं ते व्हायरस, जे अलीकडे अडकतं ते बॅक्टेरिया. पुढे व्याख्या बदलली, कवच आलं, डीएनए आरएनए आलं, पण हाताची सवय तीच राहिली. नदीच्या पाण्यातले, समुद्राच्या पाण्यातले व्हायरस शोधायचे तर आधी ०.२ मायक्रॉनच्या (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फिल्टरमधून पाणी गाळायचं आणि खाली उतरलेल्या पाण्यात शोधायचं. वर राहिलं ते कचऱ्यात.

मिमिव्हायरसचं नुसतं कवच ०.४ मायक्रॉनच्या आसपास, वरचे केसांसारखे धागे धरले तर ०.७ मायक्रॉनच्या पुढे. तो त्या फिल्टरमधून कधीच खाली गेला नसता. शंभर वर्षं गेला नाही.

मी पाणी तपासण्याचं काम करते, त्यामुळे ही गोष्ट वाचताना मला आणखी एक गोष्ट जाणवली आणि ती मला कुठे लिहिलेली फारशी दिसली नाही. आमच्याकडे फिल्टर उलटा वापरतात. आम्ही १०० मिली पाणी ०.४५ मायक्रॉनच्या पातळ पांढऱ्या मेम्ब्रेनमधून ओढतो, खाली गेलेलं पाणी टाकून देतो आणि वर राहिलं त्यात आम्हाला रस असतो, कारण ई. कोलाय वगैरे वर राहतात. ते मेम्ब्रेन प्लेटवर ठेवायचं, रात्रभर इन्क्युबेटरमध्ये, सकाळी कॉलन्या मोजायच्या. म्हणजे माझ्या टेबलावर हे जायंट व्हायरस अडकत असणारच, पण प्लेटवर त्यांची कॉलनी कधीच येणार नाही, कारण प्लेटवर अमिबा नाही आणि अमिबाशिवाय हे वाढतच नाहीत. व्हायरसवाल्यांनी वरचं फेकलं, पाणीवाल्यांनी वरचं ठेवलं पण त्याला वाढायला लागतं ते दिलं नाही. दोन धंद्यांच्या मधल्या फटीत ही सगळी मंडळी शंभर वर्षं आरामात राहिली, आणि दोन्हीकडचे लोक आपापलं काम अगदी चोख करत होते हे मला जास्त अस्वस्थ करतं.

२००४ मध्ये मिमिव्हायरसचा पूर्ण जीनोम, म्हणजे त्याच्या डीएनएवर लिहिलेला सगळा मजकूर, वाचून झाला. साधारण १२ लाख अक्षरं. फ्लूच्या व्हायरसची साडेतेरा हजार असतात, कोविडच्या व्हायरसची तीस हजारांच्या आसपास, आणि मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम नावाचा एक पूर्ण जिवंत, स्वतःच्या पायावर उभा बॅक्टेरिया ५ लाख ८० हजारांत भागवतो. म्हणजे व्हायरसची वही बॅक्टेरियाच्या वहीच्या दुप्पट जाड निघाली. त्यात प्रोटीन बनवायच्या यंत्रणेतले काही जीन्ससुद्धा होते, जे व्हायरसकडे असायचं काही कारणच नाही असं आम्हाला शिकवलेलं, व्हायरस सगळं यजमान पेशीकडून उसनं घेतो असं. रायबोझोम मात्र नाही. रायबोझोम आजवर एकाही व्हायरसमध्ये सापडलेला नाही, तेवढी एक रेष अजून शाबूत आहे.

आता हे अमिबात शिरतात कसे ते सांगते, कारण मला तो भाग सगळ्यात सुंदर वाटतो आणि बातम्यांमध्ये तो कधीच येत नाही. हा अमिबा म्हणजे अकँथअमिबा. माती, तळी, नळाचं पाणी, एसीचं पाणी, कॉन्टॅक्ट लेन्सची डबी, कुठेही असतो, वाईट दिवस आले की स्वतःभोवती कवच करून बसून राहतो. त्याचं जेवण बॅक्टेरिया. समोर अर्ध्या मायक्रॉनच्या वरचं काही आलं की तो ते गिळतो. आणि मिमिव्हायरस नेमका त्या मापाचा, वरून धाग्यांवर साखरेचं आवरण, बॅक्टेरियासारखं. ग्रॅम स्टेनने रोबॉथमना जे वाटलं तेच अमिबालाही वाटतं. म्हणजे नेहमीचे व्हायरस पेशीच्या कुलपाला किल्ली लावून आत शिरतात, आणि हा नुसता समोर तरंगत राहतो आणि अमिबाच त्याला जेवण समजून आत घेतो.

आत गेल्यावर तो एका पिशवीत असतो, जिथे अमिबा खरं तर अन्न पचवतो. इथे व्हायरसच्या कवचाचं एक टोक उघडतं. त्या टोकावर पाच हातांच्या ताऱ्यासारखी एक रचना आहे, शास्त्रज्ञ तिला स्टारगेट म्हणतात, ते पाच हात फाकतात, आतलं पातळ पटल बाहेर येऊन पिशवीच्या पटलाला चिकटतं, दोन्हींची मिळून एक वाट तयार होते आणि डीएनए त्या वाटेनं अमिबाच्या पेशीत उतरतो. रिकामं कवच मागे राहतं. नंतरचे काही तास व्हायरस शोधायला गेलात तर सापडत नाही. मग पेशीच्या मधोमध एक डाग दिसायला लागतो, वाढत वाढत जवळजवळ केंद्रकाएवढा होतो. ही व्हायरस फॅक्टरी. तिच्या मधे डीएनएच्या कॉप्या निघतायत, कडेला कवचं बनतायत, भरली जातायत, सगळ्यात शेवटी धागे लावले जातायत. साधारण अर्ध्या दिवसात अमिबा शेकडो नव्या व्हायरसनी गच्च भरतो आणि फुटतो.

मार्सेलचे ज्याँ-मिशेल क्लाव्हरी यांनी या फॅक्टरीकडे बघून एक मत मांडलं होतं की आपण ज्याला व्हायरस म्हणतो तो कण म्हणजे खरा व्हायरस नाहीच, तो फक्त प्रवासाला निघालेला भाग, खरा व्हायरस म्हणजे ती फॅक्टरी. मला हे पटतं. व्हायरस जिवंत की निर्जीव हा वाद आम्ही कॉलेजमध्ये घालायचो तेव्हा दोन्ही बाजू त्या कोरड्या कणाबद्दलच बोलत असायच्या, कुणाच्याच डोळ्यापुढे फॅक्टरी नव्हती. मिमिव्हायरस सापडल्यावर काही जणांनी तर बॅक्टेरिया, आर्किया (बॅक्टेरियासारखेच दिसणारे पण वेगळे एकपेशी जीव) आणि आपण सगळे युकॅरियोट, म्हणजे पेशीत केंद्रक असलेले, यांच्या जोडीला चौथी शाखा म्हणून यांना बसवावं असं सुचवलं. ते टिकलं नाही. २०१७ मध्ये ऑस्ट्रियातल्या क्लोस्टरनॉयबर्गच्या सांडपाण्यातून मिळालेल्या क्लोस्नॉयव्हायरसच्या जीनोमवरून असं दिसलं की प्रोटीन बनवायचे हे जीन्स कुठल्या हरवलेल्या प्राचीन पूर्वजाकडून आलेले नसून वेगवेगळ्या यजमानांकडून थोडे थोडे उचलून जमवलेले असावेत. मला ते वाचून वाईट वाटलं नाही. उलट छोट्या व्हायरसनं एकेक जीन गोळा करत करत बॅक्टेरियाएवढं व्हावं, ही जास्त जबरदस्त गोष्ट आहे.

२००८ मध्ये पॅरिसच्या एका कूलिंग टॉवरच्या पाण्यात मिमिव्हायरसचा भाऊ सापडला, मामाव्हायरस, आणि त्याच्या फॅक्टरीत एक अगदी चिमुकला दुसरा व्हायरस. स्पुटनिक नाव दिलं. हा स्पुटनिक अमिबात एकटा वाढू शकत नाही, त्याला मोठ्या व्हायरसची फॅक्टरीच लागते, आणि तो ती वापरायला लागला की मोठ्या व्हायरसची पिल्लं वेडीवाकडी निघतात, कमी निघतात. व्हायरसला व्हायरस. त्याच जातीचा माव्हायरस समुद्रातल्या एका बारीक एकपेशी जीवात मिळाला, आणि त्याचं वागणं वाचून मी बराच वेळ पुढे काही वाचलं नाही. माव्हायरस त्या जीवाच्या डीएनएमध्ये गुपचूप जाऊन बसतो. मोठ्या व्हायरसनं हल्ला केला की जागा होतो, त्याच्याच फॅक्टरीत स्वतःच्या कॉप्या काढतो. ज्या पेशीत हे घडतं ती पेशी मरते, तिला काही फायदा नाही, पण बाहेर पडलेले माव्हायरस शेजारच्या पेशींपर्यंत पोचतात आणि मोठ्या व्हायरसची साथ तिथे थांबते. २०१६ मध्ये हे प्रयोगात दाखवलंय. एका पेशीचं मरण बाकीच्यांच्या कामी येतं आणि ही सगळी व्यवस्था एका व्हायरसकडून चालते, हे डोक्यात घेऊन परत कॉलन्या मोजायला बसणं अवघड होतं.

२०१३ मध्ये पँडोराव्हायरस आले. एक चिलीच्या किनाऱ्याजवळच्या समुद्रतळातल्या गाळातून, दुसरा ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळच्या तळ्यातल्या चिखलातून. क्लाव्हरी आणि त्यांच्या पत्नी शांताल आबेर्जेल, दोघं मिळून ही लॅब चालवायचे, त्यांचं हे काम. आकार सुमारे एक मायक्रॉन, वीस बाजूंचं कवचही नाही, एखाद्या रांजणासारखा लांबट गोल. चिलीच्या व्हायरसचा जीनोम जवळजवळ २५ लाख अक्षरं, त्यात अडीच हजारांवर जीन्स, आणि त्यातले नव्वद टक्क्यांहून जास्त असे की माणसाला माहीत असलेल्या कुठल्याच जीनशी जुळत नाहीत. सुरुवातीला त्यांनी लॅबमध्ये याला नवीन जीव एवढंच म्हणायला सुरुवात केली होती. हे जीन्स आले कुठून? याच टीमनं पुढे असं मांडलं की पँडोराव्हायरस बहुतेक नवे जीन्स स्वतःच्या डीएनएमधूनच घडवत असावेत. खरं ठरलं तर फार मोठी गोष्ट आहे.

आणि इथे परत तेच. पँडोराव्हायरस त्याआधी दिसला होता. जर्मनीत कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्या एका पेशंटच्या डोळ्याला अमिबाचं इन्फेक्शन झालं होतं, त्या अमिबाच्या आत काहीतरी वाढतंय हे पॅट्रिक शाइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिलं, २००८ मध्ये त्याबद्दल छापलंसुद्धा, अमिबाच्या आत राहणारा कुणीतरी म्हणून. व्हायरस म्हणून त्याची ओळख पटली ती पँडोराव्हायरस जाहीर झाल्यावर. ब्रॅडफर्डसारखंच. यातली दोन्ही माणसं बारकाईनं बघणारी होती. जे दिसतंय ते असू शकतं ही शक्यताच तेव्हा कुणाच्या यादीत नव्हती.

सायबेरियाचं प्रकरण सुरू होतं ते एका फुलझाडापासून. २०१२ मध्ये रशियन शास्त्रज्ञांनी पर्माफ्रॉस्टमधून, म्हणजे वर्षानुवर्षं कायम गोठलेल्या जमिनीतून, ३० हजार वर्षांपूर्वी खारींनी बिळात साठवलेल्या फळांच्या पेशींपासून सायलीन जातीची झाडं वाढवली आणि त्यांना फुलं आली. हे वाचून क्लाव्हरी आणि आबेर्जेल यांना वाटलं, झाड उठतंय तर व्हायरस का नाही. त्यांनी रशियन टीमकडून त्याच काळातल्या गोठलेल्या मातीचं सॅम्पल मिळवलं, पार ईशान्येच्या चुकोत्का भागातलं, जमिनीखाली साधारण ३० मीटरवरचं. पद्धत रोबॉथमचीच. माती घ्यायची, त्यात जिवंत अमिबा सोडायचे, आणि कुठले अमिबा मरतायत ते बघायचं. अमिबा मेले. आतून निघाला पिथोव्हायरस, दीड मायक्रॉन लांब, तेव्हापर्यंत सापडलेला सगळ्यात मोठा व्हायरस, एका टोकाला बुचासारखं झाकण. २०१४ मध्ये तो जाहीर झाला, २०१५ मध्ये त्याच मातीतून दुसरा, मॉलिव्हायरस.

मग २०२३ मध्ये एकदम १३ नवे. त्यातला एक पँडोराव्हायरस याकुतियातल्या एका तळ्याच्या तळाखाली १६ मीटरवरून काढलेल्या मातीतला, वय ४८ हजार ५०० वर्षं. हे वय व्हायरसचं थेट मोजलेलं नाही, ज्या मातीत तो होता त्या मातीचं रेडिओकार्बननं काढलेलं आहे, पण गोठलेल्या जागी ती माती मधे उघडी पडली नसेल तर दोन्हीचं वय एकच धरावं लागतं. बाकीच्यांतले काही कुठे मिळाले तर मॅमथच्या लोकरीनं भरलेल्या गोठलेल्या मातीत, आणि सायबेरियातल्या एका गोठलेल्या लांडग्याच्या आतड्यात.

तो पेपर छापून यायच्या आधीच त्याच्या बातम्या झाल्या, झॉम्बी व्हायरस जागा झाला, जगावर नवं संकट. माझ्या बहिणीच्या मुलानं मला व्हॉट्सॲपवर ते फॉरवर्ड केलं आणि लगेच फोन, अगं मावशी हे खरंय का, परत लॉकडाऊन लागणार का? दहावीत होता तो, त्याची आठवी अख्खी घरात बसून गेलेली. त्याला मी जे सांगितलं तेच इथे सविस्तर सांगते, कारण हा प्रश्न एका मुलाचा नाही.

हे तेराही व्हायरस अमिबाचे आहेत. माणसाला त्यांचा काही धोका नाही, आणि ते योगायोगानं तसे निघालेले नाहीत. अमिबा आणि आपण यांच्यातलं अंतर इतकं प्रचंड आहे, अब्जभर वर्षांच्या हिशोबाचं, की अमिबाचा व्हायरस माणसात वाढेल ही शक्यता जवळजवळ शून्य, म्हणूनच त्यांनी आमिष म्हणून अमिबा निवडला. मॅमथचे किंवा माणसांचे जुने व्हायरस जागवणं त्यांनी मुद्दाम टाळलं. त्यांना एवढंच बघायचं होतं की हजारो वर्षं गोठून राहिलेला व्हायरस परत काम करू शकतो का. उत्तर हो असं आलं, एकदा नाही, अनेकदा, वेगवेगळ्या कुळांच्या व्हायरसांत. आणि याच मातीत इतर प्राण्यांचे व्हायरसही असणार, त्यांच्याबद्दल आपण काय धरून चालायचं, हा त्या पेपरचा खरा प्रश्न आहे. देवीचा व्हायरस हा या जायंट व्हायरसांचा लांबचा नातेवाईक आहे, एकाच मोठ्या संघात मोडतो. सायबेरियातल्या ३०० वर्षं जुन्या ममींमध्ये देवीच्या डीएनएचे तुकडे मिळालेत. तुकडेच, जिवंत व्हायरस नाही.

सगळे व्हायरस असे टिकत नाहीत हेही तितकंच खरं. अलास्कातल्या ब्रेव्हिग मिशन गावी १९१८ च्या फ्लूनं मेलेल्या लोकांना पर्माफ्रॉस्टमध्ये पुरलेलं होतं. योहान हुल्टिन नावाचे संशोधक १९५१ मध्ये तिथे गेले, फुप्फुसांचे नमुने आणले, व्हायरस वाढवायचा खूप प्रयत्न केला, वाढला नाही. १९९७ मध्ये परत गेले तेव्हा आरएनएचे तुकडे मिळाले आणि त्यावरून पुढे पूर्ण जीनोम जुळवता आला. म्हणजे १९५१ पर्यंतची ३३ वर्षंही तो व्हायरस जिवंत राहिला नव्हता. आरएनए आणि वर चरबीचं नाजूक आवरण, हे गोठण वितळणं सहन करत नाही. पिथोव्हायरसचा डीएनए, जाड कवच, वर थंडी, अंधार आणि ऑक्सिजन नाही, हे सगळं जमून आलं म्हणून ३० हजार वर्षं.

ज्याला घाबरायला पाहिजे ते आधीच घडून गेलंय आणि ते व्हायरसमुळे नव्हतं. २०१६ च्या उन्हाळ्यात सायबेरियाच्या यमाल भागात तापमान ३५ अंशांपर्यंत गेलं, वरची जमीन नेहमीपेक्षा खोल वितळली आणि अँथ्रॅक्सची साथ आली. १९४१ नंतर तिथे अँथ्रॅक्स आला नव्हता. दोन हजारांहून जास्त रेनडिअर मेले, कित्येक माणसं हॉस्पिटलमध्ये, बारा वर्षांचा एक मुलगा गेला. अँथ्रॅक्स बॅक्टेरिया, त्याचे बीजाणू मातीत दशकानुदशकं टिकतात. आणि रेनडिअरना लस द्यायचं काम तिथे २००७ मध्ये बंद केलेलं होतं. बातमीत वितळणारी जमीन येते, बंद पडलेलं लसीकरण येत नाही, पण त्या मुलाच्या मरणात दोन्हींचा हात आहे असं मला वाटतं. आर्क्टिक जगाच्या सरासरीपेक्षा जवळपास चौपट वेगानं तापतंय. उत्तर गोलार्धातल्या जमिनीचा साधारण चौथा हिस्सा या गोठलेल्या पट्ट्यात येतो. आणि जिथे माणूस फिरकत नव्हता तिथे आता खाणी खणल्या जातायत, त्यासाठी शेकडो मजूर जाऊन राहतायत. दोन वर्षं जुनी वरची माती वितळणं वेगळं आणि शंभर मीटर खोल खणून लाखो वर्षं जुनी माती हवेवर आणणं वेगळं. क्लाव्हरी बरीच वर्षं सांगतायत की तिथे साथींवर नजर ठेवायची व्यवस्था पाहिजे, आजारी पडलेल्या माणसाला तिथल्या तिथे वेगळं ठेवून उपचार करता आले पाहिजेत. मला ही मागणी साधी आणि रास्त वाटते, आणि ती झॉम्बी या एका शब्दाखाली गाडली जाते याचा मला खरोखर राग येतो.

राऊ यांच्याबद्दल एक सांगायला हवं, कारण त्यांचं नाव वाचून कोविडची आठवण अनेकांना येईल. मलेरियाचं हायड्रॉक्सीक्लोरोक्विन कोविडवर चालतं म्हणणारे राऊ ते हेच. त्यावरचा त्यांचा २०२० चा पेपर २०२४ मध्ये मागे घेतला गेला. मिमिव्हायरसचं काम मात्र जगभरच्या लॅबनी पुन्हा पुन्हा करून पाहिलंय, ते पक्कं आहे.

त्या जगभरच्या लॅबमध्ये आपली आयआयटी बॉम्बे आहे. किरण कोंडाबागील यांच्या गटानं मुंबईतल्या पाण्यात हे व्हायरस शोधले. सांडपाणी, तळ्याचं पाणी, सांडपाणी प्रक्रिया केंद्रातला गाळ, आणि घरातल्या वॉटर प्युरिफायरचा प्री-फिल्टर. हो, आपल्या किचनमध्ये असतो तोच, दर काही महिन्यांनी मेकॅनिक येऊन काढतो आणि तो पिवळट तपकिरी झालेला असतो. वीस सॅम्पल अमिबाबरोबर वाढवून बघितली, विसाच्या वीस सॅम्पलमध्ये जायंट व्हायरस निघाले. एकही रिकामं नाही. चारांचे जीनोम त्यांनी तपशिलात तपासले, आणि त्यांची नावं बघा, मिमिव्हायरस बॉम्बे, पवई लेक मेगाव्हायरस, बांद्रा मेगाव्हायरस, कुर्लाव्हायरस. २०१९ मध्ये हा पेपर आला. नुसता डीएनए वाचून बघितला तर प्री-फिल्टरमध्ये आणि गाळात सगळ्यात जास्त खुणा पँडोराव्हायरसच्या कुळाच्या होत्या, म्हणजे जो याकुतियाच्या तळ्याखालून निघाला म्हणून जगभर बातमी झाली त्याचे नातेवाईक आपल्या नळाच्या पाण्याच्या गाळणीवर बसलेले.

हे ऐकून पाणी प्यायची भीती वाटून घेऊ नका. मी रोज हेच पाणी तपासते आणि हेच पिते. या व्हायरसांमुळे माणूस आजारी पडतो असा ठोस पुरावा अजून कुणी दिलेला नाही, न्यूमोनियाच्या पेशंटमध्ये शोधाशोध झाली, कुठे खुणा मिळाल्या कुठे नाही, त्यापलीकडे काही सिद्ध झालं नाही. अमिबाचं थोडं लक्षात ठेवा मात्र. अकँथअमिबा डोळ्याच्या बुबुळाला इन्फेक्शन करतो, आणि आपल्याकडे ते कॉन्टॅक्ट लेन्सपेक्षा डोळ्यात माती गेली, घाण पाणी उडालं, शेतात पातं लागलं यातून जास्त होतं. नळाच्या पाण्यानं लेन्स धुऊ नका, आणि डोळ्याला असं काही लागलं तर घरगुती उपाय करत दिवस घालवू नका.

पवई तलाव १८९१ चा, मुंबईला पाणी पुरवायला बांधलेला आणि पुढे पिण्यालायक नाही म्हणून सोडून दिलेला. आज त्यात जलपर्णी आहे, आजूबाजूच्या सोसायट्यांचं सांडपाणी आहे, मगरी आहेत. तिथे कुठल्या महिन्यात कुठला व्हायरस जास्त असतो, पावसाळ्यात सगळं ढवळून निघतं तेव्हा काय होतं, यांनी अमिबा मारल्यामुळे पाण्यातले बॅक्टेरिया वाढतात का, आणि वाढत असतील तर माझ्या प्लेटवर सकाळी ज्या कॉलन्या येतात त्यांचा आकडा थोडाफार तरी यांच्यावर ठरतो का, हे मला जाणून घ्यायचंय. अमिबा लिजिओनेलाला आसरा देतो, म्हणजे अमिबा मारणारा व्हायरस लिजिओनेलाच्या मुळावर येत असणार की त्याला बाहेर सोडत असणार, हेही. मेम्ब्रेन काढून प्लेटवर ठेवायच्या ऐवजी अमिबाच्या फ्लास्कमध्ये टाकायचं, एवढाच फरक आहे सुरुवातीला. त्यासाठी लागणारा अमिबा मी वाढवायला शिकतेय, पवईचं पहिलं सॅम्पल जूनमध्ये पाऊस पडायच्या आधी घ्यायचं ठरवलंय.